जर्नल्स चाळून चाळून पण पीएचडीचा विषय सापडत नाहीये

प्रश्न: नमस्कार सर. मी लातूर जिल्ह्यातल्या एका अनुदानित सीनियर कॉलेजात ग्रंथपाल आहे. पेट (पीएचडीची प्रवेश परीक्षा) पास झाले, गाईडही मिळाले, आता आरआरसीपुढे, म्हणजे विषय मंजूर करणाऱ्या समितीपुढे, सिनॉप्सिस (संशोधनाचा आराखडा) मांडायचाय. गाईड म्हणतात जर्नल्स वाचा, विषय आपोआप सुचेल. रोज संध्याकाळी उघडून बसते पण जे सुचतं ते आधीच कुणीतरी केलेलं असतं. ‘अमुक विद्यापीठातील ई-रिसोर्सेसचा वापर’, ‘तमुक जर्नलचा बिब्लिओमेट्रिक अभ्यास’ (म्हणजे लेख, लेखक, संदर्भ यांची मोजदाद), हेच सगळीकडे. परदेशी जर्नल्स वाचली की वाटतं हे आपल्याकडे कुठे लागू होणार, आमच्याकडे तर मुलं काउंटरवर चिठ्ठी देतात आणि अटेंडंट पुस्तक काढून आणतो. इंग्रजी वाचायलाही वेळ लागतो. ओळखीतल्या एकाने सांगितलं की पैसे भरले तर विषयासकट सिनॉप्सिस तयार मिळतो, चॅटजीपीटीवर पण विषय मिळतात म्हणे. काय करू?
– एक ग्रंथपाल

उत्तर:

ताई, आधी त्या तयार सिनॉप्सिसचं बोलून मोकळे होऊ. घेऊ नका. नैतिक-अनैतिक तुम्हाला मी काय सांगणार, ते तुम्हाला कळतंच म्हणून तर विचारलंत, पण व्यवहाराचं सांगतो. आरआरसीत बसलेली माणसं पाचेक मिनिटं स्लाईड्स बघतात आणि मग कुणीतरी चष्मा वर करून विचारतं, की हाच विषय का घेतला हो मॅडम? याचं उत्तर विकत मिळत नाही. आणि समजा तिथून सुटलात तरी पुढची चार-पाच वर्षं दुसऱ्याच्या डोक्यातून आलेला विषय घेऊन बसायचंय, नोकरी सांभाळून, नॅकच्या (कॉलेजच्या मूल्यांकनाच्या) फायली सांभाळून. अर्ध्यात सोडलेल्या पीएचडी बघितल्यात तेवढ्या पुरे. चॅटजीपीटीचं म्हणाल तर एखादा अवघड परिच्छेद समजून घ्यायला विचारा खुशाल, पण विषय दे म्हटलं की ते तेच देणार जे सगळ्यांना देतंय, आणि संदर्भ मागितले तर कधीकधी अस्तित्वातच नसलेले पेपर लेखकाच्या नावासकट छापून देतं. आपण ग्रंथपाल आहोत, निदान आपण तरी प्रत्येक संदर्भ उघडून बघायला पाहिजे.

आता गाईडचं म्हणणं. ते बरोबरच आहे पण अर्धं सांगितलंय त्यांनी. जर्नल्स वाचून विषय सुचतो हे खरं, पण तुम्ही जे करताय ते वाचणं नाहीये, ते शीर्षकं चाळणं आहे. शीर्षकं चाळली की डोक्यात फक्त साचा राहतो, ‘अवेअरनेस अँड यूज ऑफ’ आणि पुढे रिकामी जागा. मग त्या जागेत आपल्या जिल्ह्याचं नाव भरायचं का, एवढाच विचार होतो. शोधगंगावर, म्हणजे भारतातल्या पीएचडी प्रबंधांच्या ऑनलाइन साठ्यावर, जाऊन ‘अवेअरनेस’ आणि ‘यूज’ टाकून बघा, पानंच्या पानं उलटत बसाल. हे इतके का झाले तर सोपे पडतात म्हणून. गूगल फॉर्म पाठवला, उत्तरं आली, टक्केवारीचे तक्ते, एक पाय चार्ट, संपलं. आणि निष्कर्ष काय, तर बहुतेकांना माहिती आहे, वापर कमी आहे, इंटरनेट स्लो आहे, प्रशिक्षण द्यायला हवं. हे मी तुम्हाला आत्ता चहा पिता पिता लिहून देऊ शकतो, कुठल्याही कॉलेजसाठी. माझी कसोटी साधी आहे, निष्कर्ष आधीच लिहिता येत असेल तर तो विषय सोडून द्या. ज्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या अंदाजापेक्षा उलटं निघू शकतं तोच घ्यावा.

आणि गंमत सांगू का, तुमच्या पत्रात एक विषय ऑलरेडी आहे. तुम्ही तो तक्रार म्हणून लिहिलात. ‘आमच्याकडे तर मुलं काउंटरवर चिठ्ठी देतात.’ आता यावर जरा थांबू.

१९८६ साली कॉलेज अँड रिसर्च लायब्ररीज या जर्नलमध्ये कॉन्स्टन्स मेलन या बाईंचा एक पेपर आला. अमेरिकेच्या दक्षिण भागातलं एक विद्यापीठ, तिथले इंग्रजी निबंधलेखनाच्या वर्गातले विद्यार्थी. त्यांना सांगितलं की लायब्ररीत माहिती शोधायला जाल तेव्हा काय केलं आणि काय वाटलं ते डायरीसारखं लिहा. दोन वर्षं हे चाललं, जवळपास ६००० विद्यार्थी. तर वर्गावर्गात ७५ ते ८५ टक्के मुलांनी पहिल्या अनुभवाबद्दल जे लिहिलं ते भीतीचं होतं. हरवल्यासारखं झालं, कुठून सुरू करू कळेना, असं. बाईंनी त्याला नाव दिलं लायब्ररी अँग्झायटी. कारणं चार निघाली: लायब्ररीचा अवाढव्य आकार, कुठली गोष्ट कुठे आहे ते माहीत नसणं, सुरुवात कशी करायची ते न कळणं आणि नेमकं करायचं काय तेच न कळणं. आणि याच्या खाली अजून एक गोष्ट, मला तीच जास्त महत्त्वाची वाटते, की प्रत्येक मुलाला वाटत होतं बाकी सगळ्यांना येतं, मला एकट्यालाच येत नाही, आणि विचारलं तर माझं अज्ञान उघडं पडेल. म्हणून विचारतच नव्हते.

पुढे १९९२ मध्ये शॅरन बॉस्टिक यांनी वेन स्टेट विद्यापीठातल्या पीएचडीत यावर मोजपट्टी बनवली, ४३ विधानं, पाच गट. एक गट कर्मचाऱ्यांमुळे येणाऱ्या अडथळ्यांचा, एक आपल्याला जमत नाही या भावनेचा, एक तिथे बसायला बरं वाटतं की नाही त्याचा, एक लायब्ररीच्या माहितीचा आणि एक यंत्रांचा, म्हणजे झेरॉक्स मशीन वगैरे. ही मोजपट्टी मग जगभर वापरली गेली. आता तुम्ही म्हणाल झालं की मग, हे पण झालेलं. थांबा. हाच पेपर तुमच्या काउंटरच्या आतल्या बाजूला उभं राहून वाचा.

मेलनच्या विद्यार्थ्याला भीती कशाची, तर आकाराची. तो कपाटांच्या रांगांमधून एकटा फिरतोय, म्हणून हरवतोय. तुमचा विद्यार्थी कपाटापर्यंत पोचतच नाही! त्याला रॅक नंबर माहीत असायची गरजच नाही. त्याला एक चिठ्ठी भरायचीय, पुस्तकाचं नाव, लेखकाचं नाव, आणि ती एका जिवंत माणसाच्या हातात द्यायचीय, मागे रांग उभी असताना. म्हणजे जी भीती तिकडे पाच गटांत वाटलेली होती ती इकडे सगळी त्या दीड फुटाच्या काउंटरवर येऊन गोळा होत असेल का? की उलट, माणूस समोर असल्यामुळे भीती कमी असेल? मला माहीत नाही, तुम्हालाही माहीत नाही, आणि म्हणूनच हा विषय होऊ शकतो. लेखकाचं नाव इंग्रजीत लिहायचंय म्हणून चिठ्ठीच न देणारी मुलं असतात का? ‘इकॉनॉमिक्सचं कुठलं पण द्या’ असं सांगणारा मुलगा खरंच कुठलं पण वाचणार असतो की त्याला नाव विचारायची लाज वाटतेय? मुली मैत्रिणीला पुढे करून पुस्तक मागतात ते तुम्ही रोज बघता. बॉस्टिकच्या मोजपट्टीत या काउंटरसाठी वेगळा गट नाही, कारण ती मोजपट्टी ज्या लायब्ररीत तयार झाली तिथे असा काउंटरच नव्हता. म्हणजे मोजपट्टी मराठीत आणून फॉर्म भरून घ्यायचे नाहीत, ती बंद कपाटांच्या लायब्ररीत लागू पडते का आणि नाही पडली तर कुठे मोडते, हे बघायचं. आपल्याकडे यावर कुणी काय केलंय ते शोधगंगावर तपासा, असेलच काहीतरी, असलं तर उत्तमच, भांडायला कुणीतरी मिळेल.

हो, भांडायला. मला एवढंच सांगायचंय खरं तर. पेपर वाचताना जिथे तुम्हाला ‘हे माझ्याकडे असं होत नाही’ वाटतं ना, तिथे तुम्ही पान उलटताय, आणि तिथेच थांबायला हवं. परदेशी पेपर आपल्याकडे लागू होत नाही ही अडचण नसून तो तुमचा माल आहे.

आता वाचायचं कसं. एक वही करा, साधी शंभर पानी, मोबाईलमध्ये नको. पेपरचा सारांश त्यात लिहू नका, सारांश त्यांनीच वर छापलेला असतो. फक्त तीन गोष्टी लिहा, यांनी माहिती कुणाकडून आणि कशी गोळा केली, मला कुठे पटलं नाही, आणि माझ्या लायब्ररीत हेच बघायचं तर कुठल्या रजिस्टरमध्ये किंवा कुणाशी बोलून सापडेल. बस. वाचायचा क्रमही उलटा ठेवा, आधी पद्धत, मग तक्ते, मग शेवटच्या मर्यादा, प्रस्तावना सगळ्यात शेवटी किंवा नाहीच. शेवटी ‘पुढील संशोधनासाठी’ म्हणून जो परिच्छेद असतो त्याच्यावर फार विसंबू नका बरं का, बरेचदा तो संपादकांनी मागितला म्हणून लिहिलेला असतो, ‘हाच अभ्यास इतर जिल्ह्यांतही करता येईल’ टाईप. मर्यादांचा परिच्छेद मात्र खरा असतो, तिथे माणूस जरा मोकळं बोलतो.

इंग्रजीला वेळ लागतो म्हणालात, तर लागू दे. आठवड्याला दोन पेपर नीट वाचले तरी खूप झाले. आणि खरं सांगायचं तर आपल्या शास्त्रातलं इंग्रजी काही अवघड नसतं, तेच चाळीस-पन्नास शब्द फिरून फिरून येतात, दहाव्या पेपरला तुम्हालाच जाणवेल.

कुठली जर्नल्स? सगळी नको. आपल्या बी.लिब.ला, ग्रंथालयशास्त्राच्या पदवीला, ब्रॅडफर्डचा नियम पाठ केलेला आठवतो का, परीक्षेत पाच मार्काला यायचा? सॅम्युएल ब्रॅडफर्ड, लंडनच्या सायन्स म्युझियमच्या लायब्ररीतला माणूस, १९३४ साली त्याने दाखवलं की एखाद्या विषयावरचे बरेचसे लेख मोजक्या जर्नल्समध्येच एकवटलेले असतात आणि उरलेले खूप साऱ्या जर्नल्समध्ये एक-एक दोन-दोन विखुरलेले. पाठ सगळे करतात, स्वतःच्या वाचनाला कुणी लावत नाही. चार-पाच जर्नल्स पकडा आणि त्यांचे गेल्या तीन वर्षांचे अंक सलग बघा, तुकड्यातुकड्यात नको. सलग बघितलं की कळतं कोण कुणाला उत्तर देतंय, कुठला विषय अचानक सुरू झाला, कुठला थंड पडला.

भारतातली म्हणाल तर ॲनल्स ऑफ लायब्ररी अँड इन्फर्मेशन स्टडीज, १९५४ पासून चालू आहे, आणि डीआरडीओच्या डेसिडॉक या माहिती केंद्राचं जर्नल, दोन्ही फुकट वाचता येतात. बंगळुरूच्या शारदा रंगनाथन न्यासाचं श्रेल्स जर्नल आहे, आता ते ‘जर्नल ऑफ इन्फर्मेशन अँड नॉलेज’ या नावाने निघतं. बाहेरचं कॉलेज अँड रिसर्च लायब्ररीज, ते पण फुकट, अगदी १९३९ च्या पहिल्या अंकापासून, मेलनचा पेपर तिथेच सापडेल. लायब्ररी ट्रेंड्सचा प्रत्येक अंक एकाच विषयावर असतो, त्यामुळे एखाद्या विषयात नवीन असाल तर एक अंक वाचला की बरंचसं चित्र कळतं. आणि एक खास तुमच्यासाठी, एव्हिडन्स बेस्ड लायब्ररी अँड इन्फर्मेशन प्रॅक्टिस, कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठातून निघतं, हेही फुकट. त्यात एव्हिडन्स समरीज म्हणून सदर असतं, कुणीतरी आधीच छापून आलेला एखादा पेपर घेतं आणि दोन-तीन पानांत सांगतं की यात नमुना कसा निवडला, कुठे गडबड आहे, कितपत विश्वास ठेवायचा. पेपरशी भांडायचं कसं हे शिकायला याच्याइतकं चांगलं दुसरं काही मी बघितलेलं नाही. दहा-बारा समरीज वाचा, मग मूळ पेपर.

जी फुकट नाहीत त्यांच्यासाठी तुमच्या विद्यापीठाच्या लायब्ररीत जा. जानेवारी २०२५ पासून वन नेशन वन सबस्क्रिप्शन सुरू झालंय, ३० प्रकाशकांची जवळपास १३,००० जर्नल्स, पण ते केंद्र आणि राज्याच्या सरकारी संस्थांना, विद्यापीठं त्यात आली. संस्थेचं अनुदानित कॉलेज असेल तर तुमच्याकडे एन-लिस्ट (कॉलेजांसाठीची ई-जर्नल्स आणि ई-पुस्तकांची योजना) असेल, ते आहेच, पण संशोधक विद्यार्थी म्हणून विद्यापीठातून ॲक्सेस मागायचा तुमचा हक्क आहे, तो सोडू नका.

एखादा पेपर आवडला की गूगल स्कॉलरवर त्याच्या खाली ‘साइटेड बाय’ दिसतं, त्यावर क्लिक करा. मागचे संदर्भ सगळेच बघतात, पुढे काय झालं ते फार कमी लोक बघतात. मेलनला कुणी कुणी उद्धृत केलंय त्या यादीत खाली खाली जा, मग दिसेल की कल्पना कशी कशी फिरली, कुणी मोजपट्टी केली, कुणी ती परदेशी विद्यार्थ्यांना लावली, कुणी डिजिटल लायब्ररीला. आणि कुठे कुणीच गेलेलं नाही तेही तिथेच दिसतं.

अजून एक विषय सुचवून ठेवतो, आवडला तर बघा. पिट्सबर्ग विद्यापीठात ॲलन केंट आणि मंडळींनी एक अभ्यास केला होता, १९७९ ला प्रसिद्ध झाला. १९६९ मध्ये घेतलेल्या पुस्तकांपैकी किती पुस्तकं पुढच्या सहा वर्षांत बाहेर गेली? जवळपास ४० टक्के एकदाही गेली नाहीत! मोठा वाद झाला त्यावर, तिथल्या प्राध्यापकांनीच हरकती घेतल्या, की देवघेव म्हणजे वापर नव्हे, लोक तिथे बसूनही वाचतात. आता तुमच्याकडे या. तुमच्याकडची खरेदी कधी होते? फेब्रुवारी-मार्च. ग्रँट ३१ मार्चच्या आत संपवायची, प्राध्यापकांना याद्या द्या म्हणून तीन वेळा सांगितलं, दोघांनी दिल्या, मग विक्रेत्याने गाडी भरून आणली आणि त्यातून निवडलं. हे सगळ्यांना माहितीय, बोलत कुणी नाही. दाखल रजिस्टरमध्ये प्रत्येक पुस्तकाची खरेदीची तारीख आहे, सोल किंवा कोहा, लायब्ररीचं जे सॉफ्टवेअर असेल त्यात देवघेव आहे. मार्चमध्ये घाईत घेतलेली पुस्तकं आणि वर्षभरात मागणीवरून घेतलेली पुस्तकं, दोन्हींची पुढच्या पाच वर्षांतली देवघेव शेजारी शेजारी ठेवा. माझा अंदाज मार्चवाली पडून असतील, पण अंदाज चुकला तर जास्त मजा. यात गूगल फॉर्म नाही, कुणाच्या मागे लागणं नाही, डेटा तुमच्याच कपाटात धूळ खात पडलाय. पण चार-पाच कॉलेजं घ्या, एकाच कॉलेजवर आरआरसी ऐकायची नाही, आणि प्राचार्यांची लेखी परवानगी आधी घ्या. मार्चच्या खरेदीचा विषय नाजूक असतो, का ते तुम्हाला सांगायला नको.

कॉलेजच्या बाहेर पडायचं असेल तर गावातलं सार्वजनिक वाचनालय बघा. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली अ, ब, क, ड वर्ग ठरवून अनुदान मिळणारी आपली वाचनालयं, यातली कितीतरी आता एमपीएससीच्या अभ्यासिका झालीयेत. मुलं स्वतःची पुस्तकं घेऊन सकाळी सातला येतात, नोट्स टेलिग्रामवरून येतात, वाचनालयाकडून त्यांना हवी असते खुर्ची, पंखा आणि शांतता. त्यांना माहिती कुठून मिळते, कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवतात, जाहिरात खरी की खोटी हे कसं ठरवतात? एल्फ्रेडा चॅटमन नावाच्या बाईंनी अमेरिकेत सफाई कामगार, वृद्धाश्रमातल्या बायका अशा लोकांमध्ये मिसळून छोट्या बंदिस्त वर्तुळात माहिती कशी फिरते आणि लोक गरज असूनही ती का लपवतात यावर फार सुंदर काम केलंय. तिला वाचा आणि मग एखाद्या अभ्यासिकेत जाऊन बसा. याला मात्र वेळ लागेल, मुलाखती घ्याव्या लागतील, तुमच्या नोकरीत जमतं का बघा. मला व्यक्तिशः हा विषय सगळ्यात जास्त आवडतो पण पीएचडी तुम्हाला करायचीय.

बिब्लिओमेट्रिकबद्दल एक ओळ, कारण तुम्ही नाक मुरडलंय असं वाटलं. तंत्र वाईट नाही. प्रश्न नसताना नुसतं मोजत बसणं वाईट. ‘अमुक जर्नलात दहा वर्षांत किती लेख आले’ याला कुणी ‘बरं मग?’ विचारलं तर उत्तर नसतं.

विषय थोडा आकाराला आला की शोधगंगाबरोबर शोधगंगोत्रीही बघा, तिथे चालू असलेल्या संशोधनाचे सिनॉप्सिस असतात, नाहीतर दोन वर्षांनी कळायचं शेजारच्या विद्यापीठात कुणीतरी तेच करतंय. आणि कुठे पेपर छापायची घाई करू नका. यूजीसीने २०२२ च्या नियमांत प्रबंधाआधी पेपर छापायची सक्ती काढलीय, २०२५ ला मान्य जर्नल्सची केअर यादीही बंद केली, तेव्हा चार दिवसांत छापून देतो म्हणून मेल येतील ते सरळ डिलीट करा. फक्त तुमच्या विद्यापीठाचा स्वतःचा काही नियम आहे का ते ऑफिसात विचारून घ्या.

गाईडकडे जाताना ‘सर विषय सांगा’ म्हणत जाऊ नका, आणि पाच विषयांची यादी पण नेऊ नका, त्यातला सगळ्यात गुळगुळीत तेच निवडतील. अर्धं पान न्या. वर एक पेपर, त्यात काय म्हटलंय ते दोन ओळी, खाली माझ्या लायब्ररीत काय दिसतंय ते दोन ओळी, आणि शेवटी एक प्रश्न, प्रश्नचिन्हासकट. चिठ्ठीवालं अर्धं पान तर या रविवारीच होईल, आणि त्याआधी सोमवार ते शनिवार काउंटरवर जी मुलं चिठ्ठी न देता परत जातात ती का जातात ते जरा टिपून ठेवा. अर्धं पान झालं की मला पण पाठवा.